हाफ टाइममधली तुझी पाच मिनिटं

दिवाकर, तुझ्या पुण्यानुमोदनाला एवढी माणसं आली की मांडव कमी पडला. कामठीचे, कन्हानचे, नागपुरात बेसा भागातल्या फ्लॅटात राहायला गेलेले, उमरेडहून पहाटेची एसटी धरून आलेले. सगळे आपल्या काळचे बॅक आणि फॉरवर्ड. कोणाचे गुडघे गेलेले, कोणाचं पोट पुढे आलेलं, आणि पांढऱ्या कपड्यांत सगळे एकाच टीमचे वाटत होते. वंदना झाली, भंतेजी बोलले. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "भाऊ, जर्मनचा लेसचा किस्सा होऊन जाऊ द्या ना एकदा. त्यालेबी बरं वाटन."

तिथून परत आल्यापासून सगळ्यांसाठी तू 'जर्मन'च. तुला सांगतो, मी उठलोही होतो. हात माइककडे निघाला होता. तीस वर्षं कामठीच्या फुटबॉल स्पर्धेचं समालोचन करणाऱ्या माणसाचा हात माइककडे आपोआप जातो, त्याला घरधन्याची परवानगी लागत नाही. समोर शोभावहिनी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, एवढंच झालं. मी खाली बसलो आणि घसा बसलाय म्हणून सांगितलं. माझा घसा! लोकांनी काळजीने माझ्याकडे पाहिलं, जणू तुझ्यामागे आता माझाच नंबर.

तो किस्सा तुला पाठ आहे. तरी एकदा सांगतो, कारण यापुढे मी तो कोणालाच सांगणार नाही.

जर्मनीतल्या एका कारखान्याची टीम. खालची डिव्हिजन, राखेचं मैदान, गोलात आपला कामठीचा दिवाकर. सीझनचा शेवटचा सामना. बरोबरी झाली तर डिव्हिजन राहणार, हरले तर गेली. शेवटचं मिनिट उरलंय आणि रेफरीने दिली पेनल्टी! सहा फूट चार इंचाचा गोरा पहिलवान चेंडू ठेवतो, मागे सरकतो, धावत येतो, आणि आपला दिवाकर हात वर करून ओरडतो, "थांब बे! लेस सुटली तुही!" शुद्ध कामठीत. वर बुटाकडे बोट. जर्मन माणूस शिस्तीचा. सुटलेली लेस त्याला कशी चालेल? तो वाकतो. लेस तर बांधलेली आहे. पण शंका आली म्हणून सोडतो, पुन्हा बांधतो. दुसऱ्या बुटाचीही तपासतो. तोवर सगळं मैदान हसायला लागलेलं. मग चिडून अशी लाथ मारतो की चेंडू थेट कारखान्याच्या चिमणीत, आणि तो आजतागायत खाली आलेला नाही!

मी इथवर आलो की तू पाहुण्यांच्या खुर्चीवरून उठायचास आणि आपल्या रेफरीच्या बुटाकडे बोट दाखवायचास. रेफरी दरवर्षी खाली बघायचा. लोक दरवर्षी फुटायचे. हाफ टाइमला चहावाला दुसरी किटली चढवायचा ती तुझ्या बोटावर.

लेस सुटली नव्हती. पेनल्टीच नव्हती. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण किस्सा माझा होता. तुझा वेगळा होता. तो तू मला परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात कन्हानच्या पुलाखाली, भर दुपारी, नदीकडे तोंड करून सांगितला होतास.

तू कामाला होतास त्या कापड गिरणीत पूर्व जर्मनीचे माग आले होते. ते दुरुस्त करायला शिकून ये म्हणून गिरणीने तुला तिथल्या कारखान्यात धाडलं होतं. तुझं शिकणं अर्ध्यावर असताना तो देशच संपला. दोन्ही जर्मनी एक झाल्या. तू म्हणालास, "लोकं आधी नाचले. मंग कारखान्यात यादी लागाले सुरुवात झाली, कोणाले काढलं त्याची." आणि त्या याद्यांच्या मधोमध कारखान्याची टीम आपला सीझन खेळत होती. जर्सीवरच्या कारखान्याच्या नावावर कापडाचा तुकडा शिवला होता, कारण नाव बदललं होतं आणि नवं अजून कोणी ठरवलं नव्हतं. जुळणी खात्याचा फोरमन कुर्ट हाच टीमचा कोच. कपडे कारखान्याच्या धुलाईखान्यात धुतले जायचे. धुलाईखाना बंद झाला, तेव्हा त्याची बायको घरी धुऊ लागली. दर सोमवारी एखादा खेळाडू कामासाठी पश्चिमेला निघून जायचा आणि दर रविवारी कुर्ट मैदानाच्या दाराशी उभा राहून डोकी मोजायचा. गोलकीपर गेला, म्हणून तुला गोलात उभं केलं. एका सामन्याला समोरची टीमच आली नाही. त्या आठवड्यात त्यांचा कारखाना बंद पडला होता. रेफरीने तुम्हाला विजयी जाहीर केलं. मग तुम्ही सगळे तसेच थंडीत उभे राहिलात, कोणालाच घरी जावंसं वाटेना. कुर्ट म्हणाला, सॉसेज भाजायला आणलेच आहेत तर भाजू. मग तुम्ही आपसातच दोन बाजू करून खेळलात. हे सांगताना तू हसला होतास. "ते मैदान राखेचं होतं बे. मी म्हणलं, घरी वीजकेंद्राची राख, अन् इतक्या दूर आलो तरी राख काही सुटली नाही."

मग तू अल्बेर्तोचं सांगितलंस.

मोझांबिकचा अल्बेर्तो, तुझ्याच खात्यात, तुझ्याच वसतिगृहात, टीमचा उजवा विंगर. त्याला तुझं नाव घेता यायचं नाही, तुला त्याची भाषा यायची नाही. तुम्ही दोघं मोडक्या जर्मनमध्ये बोलायचात आणि त्यामुळे, तू म्हणायचास, तुमचं कधी भांडण झालं नाही. भांडायला लागतात तेवढे शब्दच नव्हते. दर रविवारी दोघं एकाच बसने मैदानावर जायचात. त्या वर्षी गावात टवाळखोरांच्या टोळ्या झाल्या होत्या. डोकी तासलेली, हाताला काम नसलेली पोरं. परके दिसले की मागे लागायची. मैदानावरही गोलामागे उभं राहून तुझ्या पाठीवर थुंकायची. हे तू एका वाक्यात सांगितलंस आणि पुढे गेलास.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी बस थांब्यावर थांबली. अल्बेर्तो पुढे, तू मागे. तो उतरला आणि खाली उभ्या असलेल्या पाच-सहा जणांनी त्याला कॉलरला धरून ओढलं.

"माहा एक पाय पायरीवर होता," तू म्हणालास. "मी तो वरती घेतला."

दार बंद झालं. बस निघाली. बसमधल्या एका म्हातारीने मांडीवरची पिशवी नीट केली, बाकी कोणी हललं नाही. पुढच्या थांब्यावर तू उतरलास आणि मैदानावर चालत गेलास, दुसऱ्या गल्लीने. कुर्टने विचारलं, अल्बेर्तो कुठे? तू सांगितलंस, मागून येतोय.

किक-ऑफ झाला. दहा जण खेळलात. तू त्या दिवशी गोलात काय नाही केलंस! अंगावर, डोक्यावर, बोटांच्या टोकावर, सगळं अडवलंस. शून्य-शून्य. डिव्हिजन राहिली. कुर्ट रडला. तुला खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी तू दवाखान्यात गेलास. अल्बेर्तोच्या एका डोळ्यावर पट्टी होती, जबडा बांधलेला. त्याने हाताने विचारलं, किती? तू दोन्ही हातांच्या बोटांची शून्यं करून दाखवलीस. त्याने अंगठा वर केला.

तू पुन्हा त्याला भेटायला गेला नाहीस. महिन्याभरात मोझांबिकच्या सगळ्यांना वसतिगृहातून काढलं, विमानात बसवून घरी पाठवलं. आणि उन्हाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं. वाचवलेल्या डिव्हिजनमध्ये खेळायला टीमच उरली नाही. कुर्टने स्पर्धेच्या संघटनेला पत्र लिहून डिव्हिजनमधली जागा सोडली.

मी तुला समजावलं होतं. आठवतं? मी म्हणालो, "तू उतरला असतास तर दोघांनीही मार खाल्ला असता. टीम नऊ जणांची झाली असती."

"नऊ जण खेळले असते बे."

"अरे, माणूस घाबरतो."

"बसमधून नाही उतरलो, ते समजू शकतो एखाद वेळ. मैदानावर जाऊन सांगितलं काहून नाही? थांबा दोन मिनिटांवर होता. आम्ही बूट घातलेले दहा जण होतो. कुर्ट तर हातोडा घेऊन तिकडं धावला असता. पण सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? तू एकटा कसा आला?" मग बराच वेळ तू नदीत खडे टाकत होतास. "माह्या बापानं छप्पन साली लाखो लोकांत उभं राहून प्रतिज्ञा घेतल्या. हातात काही नव्हतं त्याच्या. तरी उभा राहिला. अन् मी बसून राहिलो."

मी काय करायला हवं होतं, ते आज कळतं. गप्प बसायला हवं होतं. ते मला येत नाही. मी म्हणालो, "हे कोणाले सांगू नको."

त्याच रविवारी कामठीच्या मैदानावर हाफ टाइमला लोक ओरडायला लागले, "जर्मनीचं काही सांगा!" तुझ्या हातात कोणीतरी माइक दिला. तू तो तोंडाशी धरलास, तोंड उघडलंस आणि तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा सांगणार. मी माइक ओढून घेतला आणि जे सुचलं ते बोललो. पेनल्टी सुचली. पहिलवान सुचला. लेस सुचली. ती चिमणी तर बोलता बोलता समोर आली. लोक लोळले. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं बुडणारा माणूस दोरीकडे पाहतो. मी त्या दिवशी तुला वाचवलं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं, दिवाकर. अजूनही थोडं वाटतं. हे खोटं कशाला बोलू?

पण एकदा वाचवलं म्हणून दरवर्षी वाचवायचं नसतं. गिरणी बंद झाली, तू शिलाई मशिनी दुरुस्त करायचं दुकान टाकलंस, लग्न झालं, केस पिकले, आणि दर स्पर्धेला मी तुला हार घालून खुर्चीवर बसवायचो आणि बोट दाखवायला लावायचो. एक वर्ष तू उठलाच नाहीस. मी माइकवर म्हणालो, "जर्मनसाहेबांची बिजागरं गंजली वाटतं, कोणीतरी तेल आणा!" लोक हसले आणि तू उठलास. सामना संपल्यावर तू मला गेटवर गाठलंस.

"ते लेसचं काढून टाक गा आता."

"अबे, लोकं त्याच्यासाठीच येऊन राहिले."

"लोकं हसून राहिले. त्याच्यात अल्बेर्तो कुठं हाय?"

मी तुझ्या पाठीवर थाप मारली. उत्तर नसलं की मी पाठीवर थाप मारतो. तुझी पाठ माझ्यामुळे बरीच झिजली असेल.

दवाखान्यात शेवटच्या पंधरवड्यात तू अर्धा झाला होतास. मी गेलो की मी नर्सबाईंची नक्कल करायचो आणि तू हसताना नळी सांभाळायचास. त्या दिवशी मात्र तू हसला नाहीस. म्हणालास, "यंदा हाफ टाइमले पाच मिनिटं दे मले. मी बोलतो."

"काय बोलतो?"

"तुले माहीत हाय."

"आधी उभा तर राहा," मी म्हणालो. "मग माइकच काय, शिट्टीपण देतो."

हे मी म्हणालो. उभा तर राहा. तुला. कन्हानच्या पुलाखाली तू जे बोललास ते ऐकलेल्या माणसाने. जीभ पुढे गेली आणि मी मागून पोहोचलो. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. तू ते ऐकलंस की नाही, ते मला आजही माहीत नाही. तीन दिवसांनी तू गेलास.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. शोभावहिनी गहू निवडत बसल्या होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो, मग थांबलो. म्हटलं, "वहिनी, दिवाकरनं मला एक गोष्ट सांगितली होती. ती त्याला यंदा मैदानावर सांगायची होती. पण ती तुम्हाला माहीत नसेल, तर आधी तुम्हाला..."

"बसमधली ना?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"लग्न ठरवाले आले तेव्हाच सांगितली त्यांनी. म्हणे, आधी हे ऐक, मंग हो म्हण." त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला ठेवला. "मी विचारलं, आता तसं झालं तर उतरसान का? तर म्हणे, माहीत नाही. म्हणून हो म्हणलं. उतरीन म्हणले असते तर नसतं म्हणलं."

"अन् तुम्ही दरवर्षी मैदानावर तो लेसचा किस्सा ऐकून..."

"हसत होती. तुम्ही इतकं मन लावून सांगत होते, भाऊजी. तुमचं मन कसं मोडू? तेही मोडत नव्हते."

दिवाकर, मला आयुष्यात खूप जणांनी टोमणे मारले. हा टोमणा नव्हता, म्हणून अजून उतरत नाही. तीस वर्षं मी समजत होतो की मी तुला सांभाळतोय. तुम्ही दोघं नवरा-बायको मला सांभाळत होतात.

निघताना मी विचारलं, "सांगू?"

"सांगा. पण त्यांचं चांगलं करून नका सांगू."

तुला तर माहीत आहे, माझी अडचण नेमकी तिथेच आहे. मला काही जसंच्या तसं सांगता येत नाही. भाजी आणायला गेलो तरी घरी परत येईपर्यंत त्यात एक पहिलवान शिरतो.

स्पर्धेच्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्चीवर मी कोणाला बसवलं नाही. वहिनी बाजूच्या बाकावर बसल्या. हाफ टाइमची शिट्टी झाली, चहावाल्याने सवयीने दुसरी किटली चढवली आणि गर्दीतून आवाज आला, "जर्मनच्या नावानं एकदा लेस होऊ द्या, भाऊ!" टाळ्या पडल्या. मी माइक घेतला आणि म्हणालो, ही पाच मिनिटं दिवाकरने मागून घेतली होती. तो नाही, म्हणून मी बोलतोय. लेसचा किस्सा मी रचलेला होता. खरं असं झालं.

आणि सांगितलं. बस, थांबा, कॉलर. पायरीवरचा पाय आला तेव्हा माझी जीभ वळवळली. एक शब्द घालायचा होता फक्त. "दिवाकर झेपावला, पण दार बंद झालं." इतकं सोपं होतं. लोक तयारच होते, त्यांचे चेहरे तेच मागत होते. मी वहिनींकडे पाहिलं आणि म्हणालो, "त्याने पाय वर घेतला." मग कुर्टचा प्रश्न सांगितला आणि तुझं उत्तर सांगितलं. दवाखान्यातली ती दोन शून्यं सांगितली. तू पुन्हा गेला नाहीस, हेही सांगितलं. मी कुठेही आवाज चढवला नाही. मैदानावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि मला ती भरून काढायची नव्हती.

एक जण उठून निघून गेला. जाताना मोठ्याने म्हणाला, "मेलेल्या माणसाची इज्जत काहून काढून राहिले?" मी त्याला थांबवलं नाही. त्याचाही तू मित्र होतास.

रेफरी घड्याळ बघत मध्यभागी आला होता, पण त्याने शिट्टी वाजवली नाही. मग आपला जुना लेफ्ट-बॅक रामराव, काठी टेकत, लाइनीपर्यंत आला. मला वाटलं, आता हा तुझ्याबद्दल काहीतरी बोलणार, तुझा बचाव करणार किंवा मला झापणार. त्याने विचारलं, "मंग त्या पोराचा डोळा वाचला का?"

मी माइकवर म्हणालो, "माहीत नाही."

"घरी नीट पोहोचला का तो?"

"माहीत नाही."

पलीकडून कोणी विचारलं, "त्याचं आडनाव काय होतं?" दुसरा म्हणाला, "गावाचं नाव तरी?" तिसऱ्याने विचारलं, तो पुन्हा खेळला का. मी प्रत्येकाला तेच उत्तर देत होतो, आणि ते थांबत नव्हते, दिवाकर. दुसरा हाफ किती उशिरा सुरू झाला ते मी पाहिलं नाही. तुझ्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. सगळे अल्बेर्तोबद्दल विचारत होते.